आनुवंशिकतेचे नियम आणि सिकलसेल

'खाण तशी माती' ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी असते. मुलाचे नाक वडिलांवर गेले, मुलीचे डोळे आजीचे आले, अशी चर्चा बारशाच्या दिवसापासूनच सुरू होते. आईवडिलांचे गुण मुलांत उतरतात हे माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. शेतकरी बियाण्यासाठी भरदार कणसे निवडून ठेवतो, पशुपालक चांगला वळू राखतो, ते याच जाणिवेतून. परंतु हे गुण नेमके कोणत्या रीतीने उतरतात, एखादा गुण एक पिढी दडून राहून नातवंडांत पुन्हा का प्रकट होतो, याचा उलगडा होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. तो उलगडा आज शाळेच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झालेला असला, तरी तो केवळ परीक्षेपुरता नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत पसरलेल्या हजारो कुटुंबांच्या सुखदुःखाशी त्याचा थेट संबंध आहे.

वाटाण्याच्या वाफ्यातील हिशेब

आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरातील एका मठात ग्रेगोर मेंडेल (१८२२-१८८४) हे धर्मगुरू राहत असत. मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी वाटाण्यावर प्रयोग केले. उंच झाड व बुटके झाड, पिवळा दाणा व हिरवा दाणा, वाटोळा दाणा व सुरकुतलेला दाणा, अशा डोळ्यांना स्पष्ट दिसणाऱ्या सात जोड्या त्यांनी निवडल्या. वाटोळ्या दाण्याच्या शुद्ध वाणाचा सुरकुतलेल्या दाण्याच्या शुद्ध वाणाशी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील सर्वच दाणे वाटोळे निघाले. सुरकुतलेपणा नाहीसाच झाला, असे पाहणाऱ्यास वाटले असते. मेंडेल यांनी मात्र याच पिढीची झाडे वाढवून त्यांचे स्वपरागण होऊ दिले आणि पुढच्या पिढीचे ७,३२४ दाणे मोजले. त्यांपैकी ५,४७४ वाटोळे आणि १,८५० सुरकुतलेले होते. म्हणजे प्रमाण जवळजवळ तीनास एक असे पडले. इतर जोड्यांतही प्रमाण जवळपास तेच आले.

मेंडेल यांचे खरे वेगळेपण या मोजणीत आहे. त्यांच्या आधीच्या अनेकांनी संकर केले होते, साम्य पाहिले होते, वर्णनेही लिहिली होती. परंतु पिढीगणिक दाणे मोजून त्यांतून नियम काढण्याचे काम मेंडेल यांनी केले. त्यांचा निष्कर्ष असा की, प्रत्येक गुणासाठी सजीवात दोन घटक असतात. एक मातेकडून आणि एक पित्याकडून आलेला. हे घटक दूध आणि पाण्यासारखे एकमेकांत मिसळून जात नाहीत. एका पिशवीत ठेवलेल्या काळ्या-पांढऱ्या मण्यांप्रमाणे ते वेगळेच राहतात आणि पुढील पिढी निर्माण होताना दोहोंपैकी कोणता तरी एकच मणी अपत्याच्या वाट्यास येतो. दोन्ही घटक भिन्न असल्यास एक प्रभावी ठरतो आणि दुसरा झाकलेला राहतो. परंतु झाकलेला घटक नष्ट मात्र होत नाही. आईवडील दोघांकडूनही तोच घटक आला की तो उघड होतो.

मेंडेल यांनी हा निबंध १८६५ मध्ये ब्रनो येथील अभ्यासकांपुढे वाचला आणि १८६६ मध्ये तो छापला गेला. त्याची दखल कोणी फारशी घेतली नाही. पुढे १९०० मध्ये तीन शास्त्रज्ञ आपापल्या स्वतंत्र प्रयोगांनी त्याच निष्कर्षाप्रत आले, तेव्हा या जुन्या निबंधाचे मोल जगाला कळले. मेंडेल त्यापूर्वी सोळा वर्षे निवर्तले होते.

मेंडेल यांच्या 'घटकां'ना आज आपण जनुके म्हणतो. ही जनुके पेशीच्या केंद्रकातील गुणसूत्रांवर असतात. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात; प्रत्येक जोडीतील एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. उंची, वर्ण, बुद्धी यांसारखे गुण एका जनुकावर ठरत नाहीत. त्यांत अनेक जनुकांचा वाटा असतो आणि आहार, आजार, शिक्षण यांचाही तितकाच असतो. कुपोषित बालकाची खुंटलेली उंची 'घराण्यातच उंची नाही' म्हणून सोडून देणे अशास्त्रीय आहे. वाटाण्याचा सरळ हिशेब जसाच्या तसा लागू पडतो तो मोजक्याच गुणांना व काही रोगांना. सिकलसेल हा त्यांपैकी एक.

एका अक्षराचा फरक

अमेरिकेतील शिकागो येथे जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या तांबड्या पेशी नेहमीसारख्या गोल न दिसता लांबट व वाकलेल्या, गवत कापण्याच्या विळ्यासारख्या दिसत होत्या. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, त्यावरून पुढे रोगाला हे नाव पडले. हा रोग मेंडेल यांच्या नियमाने आईवडील दोघांकडून येतो, हे १९४९ मध्ये जेम्स नील यांनी दाखविले. त्याच वर्षी लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे सिद्ध केले. पुढे काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्राम यांनी तो दोष नेमका हुडकून काढला.

तो दोष किती सूक्ष्म आहे हे पाहण्यासारखे आहे. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले एकापुढे एक गुंफलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येऊन बसते. बाकीची १४५ जशीच्या तशी असतात. हा बदल होतो तो अकराव्या गुणसूत्रावरील जनुकाच्या लिपीत एकच अक्षर बदलल्यामुळे. मराठीत 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. एका वेलांटीने अर्थ पालटतो, तसाच हा प्रकार आहे.

निरोगी तांबडी पेशी लवचिक असते. केसाहूनही बारीक वाहिनीतून ती अंग दुमडून पार होते आणि सुमारे १२० दिवस काम करते. सदोष हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांस चिकटून लांब दोरे तयार होतात. पेशी ताठर होऊन विळ्याचा आकार घेते आणि बारीक वाहिन्यांत अडकते. ज्या भागाचा रक्तपुरवठा अडतो तेथे असह्य वेदना होतात. हाडे, सांधे, छाती, पोट यांपैकी कोठेही. अशा पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटतात. शरीर नव्या पेशी तितक्या वेगाने तयार करू शकत नाही म्हणून पंडुरोग होतो, आणि फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे दिसतात. प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. उपचार न मिळालेली अनेक बालके पूर्वी पाच वर्षांची होण्याआधीच दगावत असत, आणि घरचे लोक तो 'ताप' किंवा 'नजर' समजत.

हा पंडुरोग लोहाच्या कमतरतेमुळे झालेला नसतो. त्यामुळे वर्षानुवर्षे केवळ लोहाच्या गोळ्या देऊनही मुलाचा फिकेपणा जात नसेल, सांधे दुखत व सुजत असतील, तर सिकलसेलची शंका घ्यावयास हवी.

वाहक आणि रुग्ण

निरोगी हिमोग्लोबिनच्या जनुकास 'ए' आणि सदोष जनुकास 'एस' म्हणण्याची पद्धत आहे. ज्यास दोन्हीकडून 'ए' मिळाला तो 'एए', म्हणजे निरोगी. ज्यास एक 'ए' व एक 'एस' मिळाला तो 'एएस', म्हणजे वाहक. ज्यास दोन्हीकडून 'एस' मिळाला तो 'एसएस', म्हणजे रुग्ण. वाहक हा रुग्ण नव्हे. त्याच्या निरोगी जनुकामुळे पुरेसे चांगले हिमोग्लोबिन तयार होते; तो नांगर धरतो, ओझी वाहतो, सर्वसाधारण आयुष्य जगतो, आणि बहुधा आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. वाहक पुढे रुग्ण बनत नाही. हा रोग शिवाशिवीने, एकत्र जेवण्याने किंवा पाण्याने पसरत नाही.

आता वाटाण्याचा हिशेब येथे मांडू. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाच्या बाबतीत चार शक्यता सारख्याच संभवतात: दोघांकडून 'ए'; आईकडून 'ए' व वडिलांकडून 'एस'; आईकडून 'एस' व वडिलांकडून 'ए'; दोघांकडून 'एस'. म्हणजे मूल निरोगी असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि रुग्ण असण्याची चारांत एक. एकच जण वाहक व दुसरा निरोगी असेल, तर निम्मी शक्यता वाहकाची, निम्मी निरोगी अपत्याची. रुग्ण मूल होत नाही. रुग्ण व निरोगी यांच्या विवाहात सर्व मुले वाहक होतात. रुग्ण व वाहक यांच्या विवाहात मात्र निम्मी शक्यता रुग्ण अपत्याची असते.

'चारांत एक' या शब्दांचा अर्थ गावोगाव चुकीचा लावला जातो. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील, असे समजून पाळणा चालू ठेवणारी दांपत्ये आढळतात. नाणे उडवताना आधी काटा पडला की छापा, याची आठवण नाण्यास नसते. तसेच येथे आहे. प्रत्येक गरोदरपणात शक्यता पुन्हा चारांत एकच राहते. एखाद्या घरात चारही मुले निरोगी होतात, तर दुसऱ्या घरात दोन भावंडे ओळीने रुग्ण निघतात, आणि दोन्ही गोष्टी नियमाला धरूनच आहेत.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून निर्विवाद सिद्ध होते. रुग्ण बालकाच्या रक्तातील दोन 'एस'पैकी एक आईकडून आणि एक वडिलांकडूनच आलेला असतो. 'सुनेने घरात रोग आणला' हा आरोप म्हणूनच निराधार आहे. या आरोपापायी किती लेकी माहेरी परत पाठविल्या गेल्या असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. गावातील पंचांपुढे असा वाद आला, तर हे साधे गणित फळ्यावर मांडून दाखविणे उपयोगी पडेल.

हे जनुक टिकले कसे?

इतके घातक जनुक निसर्गाने पिढ्यान्पिढ्या राखून का ठेवले, असा प्रश्न चिकित्सक वाचकास पडेल. त्याचे उत्तर हिवतापात आहे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवून दिले की, वाहकांना गंभीर हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या मुलखात जंगल, पाणथळ जागा आणि डास यांमुळे फाल्सिपेरम हिवतापाने बालके मरत, तेथे 'एएस' बालके अधिक प्रमाणात वाचली आणि त्यांच्यामार्फत हे जनुक पुढे चालत राहिले. म्हणजे एका पिढीचे कवच पुढच्या पिढीतील काही मुलांसाठी शस्त्र ठरले. हे जनुक पूर्वापार हिवताप असलेल्या भूभागाची खूण आहे. कोणत्याही जातीजमातीच्या आचारविचाराचा अथवा 'शुद्धाशुद्धते'चा त्याच्याशी संबंध नाही.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली. नागपूर येथील शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातील वाहकांविषयीचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. महाराष्ट्रात नंदुरबार व धुळ्याचा सातपुडा, अमरावतीचा मेळघाट, तसेच नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हे जनुक विशेष आढळते. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया यांसारख्या आदिवासी जमातींत, त्याचप्रमाणे विदर्भातील बिगर-आदिवासी समाजांतही ते आहे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी दुर्गम पाड्यांवर जाऊन या रोगाच्या पाहणीचे व उपचाराचे काम अनेक वर्षे केले. त्याबद्दल त्यांना २०१९ मध्ये 'पद्मश्री' मिळाली.

समजा, एखाद्या समाजात शंभरांत वीस जण वाहक आहेत आणि विवाह त्याच समाजात होतात. मग शंभर विवाहांपैकी सरासरी चार विवाहांत वधू व वर दोघेही वाहक असणार, आणि शंभर जन्मांत सुमारे एक बालक रुग्ण असणार. वाहकांचे प्रमाण शंभरांत दहा असेल तर रुग्ण बालकांचे प्रमाण चारशे जन्मांत एक इतके खाली येते. निम्म्याने कमी झालेले वाहक रुग्णसंख्या चौथाईवर आणतात, हे नियोजन करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. मामाची मुलगी करण्याची चाल जेथे आहे, तेथे ज्या घराण्यात हे जनुक आहे त्या घराण्यापुरता धोका या सरासरीहून अधिक राहतो. कारण आजोळच्या एकाच आजी-आजोबांचा 'एस' वधूवरांना दोन वाटांनी मिळू शकतो.

तपासणी

प्राथमिक तपासणी अगदी सोपी आहे. बोटातून काढलेले थोडे रक्त एका द्रावणात मिसळतात. रक्तात 'एस' असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. परंतु ही तपासणी 'एस' आहे एवढेच सांगते. व्यक्ती वाहक की रुग्ण हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावीच लागते. पहिली तपासणी झाल्यावर दुसरीचा निकाल घरापर्यंत पोहोचलाच नाही, तर वाहक स्वतःला रुग्ण समजून खचतो किंवा रुग्ण स्वतःला वाहक समजून निर्धास्त राहतो. शिबिर भरविणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच्या उपस्थितीपेक्षा या दुसऱ्या निकालाची काळजी अधिक घ्यावी.

सहा महिन्यांच्या आतील बालकास गढूळपणाची तपासणी लागू पडत नाही. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील वेगळे हिमोग्लोबिन भरपूर असते. ते कमी होईपर्यंत रोगाची लक्षणेही दिसत नाहीत. आणखी एक बारकावा असा की, एका पालकाकडून 'एस' आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे जनुक आले तरी मूल आजारी पडते. थॅलेसेमियाचा वाहक गढूळपणाच्या तपासणीत सापडत नाही. म्हणून वधूवरांपैकी एक जण सिकलसेल वाहक निघाला, तर दुसऱ्याची तपासणी एचपीएलसीने करणे श्रेयस्कर.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर व्यक्तीची आनुवंशिक स्थिती दर्शविणारे कार्ड दिले जाते. लग्न ठरविताना दोन्ही पक्षांनी पत्रिकेबरोबर हे कार्डही पाहावे, अशी अपेक्षा आहे. दोन वाहकांचा विवाह कायद्याने निषिद्ध नाही, आणि तसा तो असूही नये. तो झाल्यास गर्भधारणेच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी विशेष केंद्रात होऊ शकते. पुढचा निर्णय सर्वस्वी त्या दांपत्याचा. मात्र कार्ड गावाच्या चावडीवर वाचून दाखविण्याची वस्तू नाही. मुलाचे वाहकपण झाकले जाते आणि मुलीचे सांगितले जाते, असा दुजाभाव झाला तर तपासणीबद्दलचा विश्वास उडेल आणि पुढच्या शिबिराला मुली येणारच नाहीत.

उपचार आणि शाळा

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने रोग बरा होऊ शकतो. परंतु त्यासाठी बहुधा जुळणारे भावंड लागते आणि खर्चही मोठा येतो. सदोष जनुकाच्या परिणामावर थेट जनुकीय उपाय करणाऱ्या उपचारास ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत कोट्यवधी रुपयांच्या घरात असल्याने सामान्य रुग्णास तूर्त त्याचा उपयोग नाही. त्याच्या आवाक्यातील खरा आधार म्हणजे हायड्रॉक्सियुरियाची गोळी. तिच्यामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते व वेदनांचे झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अधूनमधून रक्त तपासून, नियमाने घ्यावी लागते. तिच्या जोडीला फॉलिक आम्ल, वेळच्या वेळी लसीकरण आणि भरपूर पाणी हवे.

शिक्षकांनी येथे काही गोष्टी विशेषत्वाने ध्यानात ठेवाव्यात. रुग्ण मुलाची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत; त्यामुळे त्याला वारंवार लघवीस जावे लागते आणि वारंवार पाणी प्यावे लागते. तास चालू असताना त्याला बाहेर जाऊ न देणे हा शिस्तीचा भाग नव्हे. उन्हात उभे करण्याची शिक्षा, थंडीत भिजणे, दमछाक होईपर्यंत पळणे, यांतून वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याचे डोळे पिवळे दिसले तरी ती संसर्गजन्य कावीळच असेल असे धरून त्यास वर्गाबाहेर बसवू नये. ताप आला, छातीत दुखले, अचानक हातपाय लुळे पडले किंवा पोट फुगून मूल फिके पडले, तर घरी निरोप पाठवून वाट पाहत न बसता आरोग्य केंद्र गाठावे. सिकलसेल रुग्णांचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या यादीत झालेला आहे. प्रमाणपत्रासाठी तपासणीच्या निकालासह जिल्हा रुग्णालयाशी संपर्क साधावा.